फुलपाखराची अर्धीच सांगितलेली गोष्ट

ब्राझीलमध्ये एका फुलपाखराने पंख हलवले आणि त्यामुळे टेक्ससमध्ये वादळ झाले, हे वाक्य आज विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर, वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणांत आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांतही आढळते. उपयोजित गणित आणि सैद्धांतिक भौतिकी यांच्या सीमेवर 'केऑस' नावाचे एक महत्त्वाचे संशोधनक्षेत्र आहे. सामान्य वाचकाची त्याच्याशी असलेली ओळख बहुधा या एका वाक्यापुरतीच असते. हे क्षेत्र प्रयोगशाळेबाहेर नेण्याचे मोठे श्रेय जेम्स ग्लिक या अमेरिकन पत्रकाराच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'केऑस' या पुस्तकाला जाते. त्यातील पहिल्याच प्रकरणाचे नाव 'बटरफ्लाय इफेक्ट' असे आहे. पुढे आलेल्या असंख्य लेखांनी आणि व्याख्यानांनी तोच कित्ता गिरवला.

ही गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच सांगितली जाते, आणि गाळलेल्या अर्ध्या भागातच सारे गणित आहे. 'लहान कारणाचा मोठा परिणाम होतो' एवढेच ऐकून विद्यार्थी घरी जातो. 'किती वेगाने होतो?', 'नेहमीच होतो का?' आणि 'मग आपल्याला काय सांगता येते?' हे तीन प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे ज्या विषयाने अज्ञान मोजायला शिकवायचे, त्याच विषयाच्या नावाने 'काहीच सांगता येत नाही' अशी हताश समजूत पसरते. शिक्षकांनी या प्रकाराकडे जरा कठोरपणे पाहावे, यासाठी हा लेख.

ग्लिक यांच्या पुस्तकाचे गुण आधी नोंदवले पाहिजेत. संशोधन ही पाठ्यपुस्तकातील सरळ रेष नसून चुकत, अडखळत, इतरांच्या उपेक्षेला तोंड देत चालणारी गोष्ट आहे, हे त्यांनी फार चांगले दाखवले आहे. मिचेल फायगेनबाउम हा भौतिकशास्त्रज्ञ खिशात मावणाऱ्या गणकयंत्रावर आकडेमोड करता करता ४.६६९ या विलक्षण स्थिरांकापर्यंत कसा पोचला, ही हकीकत वाचून कितीतरी विद्यार्थी या विषयाकडे वळले असतील. तक्रार आहे ती जोर कुठे दिला याबद्दल. पुस्तकाचा सूर क्रांतीचा आहे, आणि क्रांतीच्या गोष्टीला घोषणा लागते. फुलपाखरू ही ती घोषणा झाली.

मुळात घडले काय?

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत एडवर्ड लोरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ १९६१ साली बारा समीकरणांचे एक कृत्रिम 'हवामान' संगणकावर चालवत होते. जुन्या गणनेचा काही भाग पुन्हा पाहावा म्हणून त्यांनी मधलाच एक आकडा छापील कागदावरून घेऊन यंत्राला दिला. यंत्राच्या स्मृतीत ०.५०६१२७ होते, कागदावर तीनच दशांश स्थळे छापली जात असल्यामुळे ०.५०६ एवढेच होते. लोरेन्झ कॉफी पिऊन तासाभराने परतले, तेव्हा यंत्राने सुमारे दोन महिन्यांचे हवामान तयार केले होते आणि ते आधीच्या गणनेशी मुळीच जुळत नव्हते.

ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. पण लोरेन्झ यांनी स्वतः नोंदवलेली एक गोष्ट सहसा गाळली जाते. दोन गणनांतील फरक साधारणपणे दर चार दिवसांनी दुप्पट होत गेला आणि दुसऱ्या महिन्यात केव्हातरी साम्य नाहीसे झाले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. या एका वाक्यावर आठवी-नववीच्या वर्गातही गणित मांडता येईल. गाळलेला भाग ०.०००१२७, म्हणजे मूळ आकड्याच्या सुमारे चार हजाराव्या हिश्श्याएवढा. हा फरक मूळ आकड्याएवढा होण्यासाठी तो किती वेळा दुप्पट व्हावा लागेल? दोनाचा बारावा घात ४०९६, म्हणजे बारा वेळा. बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस दिवस. दुसरा महिना! जी घटना 'अनाकलनीय' म्हणून सांगितली जाते, तिचा कालावधी तोंडी हिशोबाने काढता येतो. लहान चूक वाढते हे तर खरेच, पण ती एका ठरावीक, मोजता येणाऱ्या गतीने वाढते. विज्ञान या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

प्रश्नचिन्ह कुठे गेले?

फुलपाखरू आले ते अकरा वर्षांनी. डिसेंबर १९७२ मध्ये वॉशिंग्टन येथील विज्ञान संमेलनात लोरेन्झ यांचे व्याख्यान होते. त्याचे शीर्षक फिलिप मेरिलीस या सहकाऱ्याने ठरवले होते. ब्राझीलमधील फुलपाखराच्या पंखांच्या फडफडीमुळे टेक्ससमध्ये टोर्नेडो निर्माण होतो का, असा तो प्रश्न होता. लोकप्रिय लेखनात शिरताना त्याचे प्रश्नचिन्ह गळून पडले आणि प्रश्नाचे विधान झाले. मराठीत येताना आणखी एक गफलत झाली. टोर्नेडो हा साधारणतः काहीशे मीटर रुंदीचा भोवरा. त्याचे भाषांतर आपण 'चक्रीवादळ' असे केले आणि शेकडो किलोमीटर पसरणारी, बंगालच्या उपसागरात जन्मणारी प्रणाली त्या बिचाऱ्या फुलपाखराच्या माथी मारली.

लोरेन्झ यांनी त्या व्याख्यानात सुरुवातीलाच बजावले होते की फुलपाखरामुळे टोर्नेडो निर्माण होऊ शकत असेल, तर तितक्याच सहजपणे तो टळूही शकेल. शिवाय फुलपाखरे कोट्यवधी आहेत, आणि त्यांच्याहून कितीतरी जोरदार हालचाली करणारे प्राणी आहेत, त्यांत माणूसही आला. तेव्हा एका फडफडीला 'कारण' म्हणणे निरर्थक होय. वादळाची ऊर्जा सूर्याच्या उष्णतेतून, समुद्राच्या पाण्यातून आणि बाष्पातून येते, पंखांतून येत नाही. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते असे म्हणतात. इथेही फांदी आधीच मोडायला आलेली असावी लागते. विद्यार्थ्याने विचारायचे ते हे की फांदी केव्हा मोडायला येते आणि केव्हा ती हत्तीलाही दाद देत नाही.

वर्गात करून पाहण्याचा प्रयोग

रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७६ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात एक साधे समीकरण शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लवकरात लवकर दाखवावे, असा आग्रह धरला होता. ते समीकरण मोबाइलवरील गणकयंत्रावरही चालवता येते. शून्य आणि एक यांमधील कोणतीही संख्या 'क्ष' घ्या. पुढची संख्या अशी काढा :

नवा क्ष = ४ × क्ष × (१ − क्ष)

आलेले उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घाला. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाला ०.३०० पासून सुरुवात करू द्या, दुसऱ्याला ०.३०१ पासून. गणकयंत्रातील सर्व आकडे पुढे न्यावेत, फक्त लिहिताना तीन स्थळांपर्यंत लिहावे. मिळणारी उत्तरे अशी :

पहिली पायरी : ०.८४० आणि ०.८४२
दुसरी : ०.५३८ आणि ०.५३३
तिसरी : ०.९९४ आणि ०.९९६
चौथी : ०.०२२ आणि ०.०१८
पाचवी : ०.०८८ आणि ०.०६९
सहावी : ०.३२१ आणि ०.२५८
सातवी : ०.८७२ आणि ०.७६५
आठवी : ०.४४८ आणि ०.७१९

दहाव्या पायरीला एका गटाकडे ०.०४३ असते, तर दुसऱ्याकडे ०.६२०. इथवर फुलपाखराचीच गोष्ट झाली. आता विद्यार्थ्यांना दोन उत्तरांतील फरक लिहायला सांगा. तो एकसारखा वाढत नाही. दुसऱ्या पायरीला तो ०.००४ च्या वर होता, तिसऱ्या पायरीला ०.००१ च्या आसपास आला, म्हणजे चक्क कमी झाला! क्ष अर्ध्याच्या जवळ असतो तेव्हा हे समीकरण फरक मिटवते, तो शून्याच्या किंवा एकच्या जवळ असतो तेव्हा फरक फोफावतो. सरासरी पाहिली तर प्रत्येक पायरीला फरक दुप्पट होतो, पण कोणत्या वेळी तो किती वाढेल हे आपण त्या क्षणी कुठे आहोत यावर अवलंबून असते.

आता सूत्रातील ४ च्या जागी २.५ घाला. ०.३०० घ्या, ०.३०१ घ्या, नाही तर ०.८ घ्या, थोड्याच पायऱ्यांत सर्व गट ०.६ वर येऊन स्थिरावतील. इथे फुलपाखराने कितीही पंख फडफडवले तरी काही होत नाही. सूत्र तेच, एक आकडा बदलला आणि चूक वाढवणारी व्यवस्था चूक गिळणारी झाली. तेव्हा 'लहान कारणाचा मोठा परिणाम' हा निसर्गाचा सार्वत्रिक नियम नव्हे. तो केव्हा लागू पडतो आणि केव्हा नाही हे ठरवणे हाच या संशोधनाचा विषय आहे.

याच प्रयोगातून एक कडू हिशोबही कळतो. फरक दर पायरीला सरासरी दुप्पट होत असेल, तर हजाराव्या भागाइतक्या अचूक मापनातून सुमारे दहा पायऱ्यांचे भाकीत मिळते, कारण दोनाचा दहावा घात १०२४. मापन आणखी हजारपट अचूक केले तर भाकीत हजारपट लांबत नाही, आणखी दहाच पायऱ्या मिळतात.

'केऑस'साठी मराठीत 'गोंधळ' असा शब्द काही लेखक वापरतात. त्याचा रूढ अर्थ घेतला तर दिशाभूल होते, कारण वरील सूत्रात कुठेही बेशिस्त नाही. पण देवीच्या गोंधळात ताल, क्रम आणि विधी ठरलेले असतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा शब्द वाटतो त्यापेक्षा नेमका वाटेल.

एक नव्हे, दोन फुलपाखरे

लोकप्रिय पुस्तकांत आणखी एक मोठी सरमिसळ होते. लोरेन्झ यांच्या १९६३ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात तीनच समीकरणे आहेत. त्यांच्या आलेखाला योगायोगाने फुलपाखरासारखे दोन पंख दिसतात. तिथे मापन सुधारत नेले तर भाकिताची मुदत हळूहळू का होईना, वाढतच राहते. १९७२ चे व्याख्यान मात्र मुख्यतः त्यांच्या १९६९ च्या वेगळ्या कामावर आधारलेले होते. त्यात मोठ्या भोवऱ्यात लहान भोवरा, त्याच्यात त्याहून लहान, अशा अनेक आकारांच्या प्रवाहाचा विचार आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे. लहान भोवऱ्यातील चूक त्याहून दुप्पट मोठ्या भोवऱ्यात पोचायला काही काळ लागतो. पण भोवरा जितका लहान तितका हा काळ थोडा. कोल्मोगोरोव्ह यांच्या प्रक्षुब्ध प्रवाहाच्या सिद्धांतानुसार आकार निम्मा केला की काळ सुमारे ०.६३ पट होतो. तेव्हा निरीक्षणांचे जाळे पुनःपुन्हा निम्म्याने बारीक करत गेलो तर मिळणारा काळ १ + ०.६३ + ०.४० + ०.२५ + ... असा वाढतो. ही भूमितीय श्रेढी आहे, आणि तिची बेरीज अनंत नसून सुमारे २.७ आहे. अर्थ असा की जाळे कितीही बारीक केले तरी भाकिताची मुदत एका मर्यादेपलीकडे जात नाही. हवामानाच्या बाबतीत ही मर्यादा दोन ते तीन आठवड्यांची मानली जाते. टिम पामर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१४ च्या एका निबंधात याच परिणामाला 'खरा बटरफ्लाय इफेक्ट' म्हटले आहे. प्रवाहाची मूळ समीकरणे अशी मर्यादा अटळपणे घालतात का, हा गणितात अजून अनिर्णित प्रश्न आहे. अकरावीच्या वर्गातील श्रेढी आजच्या संशोधनाच्या इतक्या जवळ नेऊन सोडते, याहून चांगले उदाहरण शिक्षकाला क्वचितच मिळेल.

एक चौकस विद्यार्थी इथे हमखास विचारील, 'संगणकही आकडे तोडूनच गणित करतो, मग लोरेन्झ यांची आकृती तरी खरी कशावरून?' हा प्रश्न गणितज्ञांनाही छळत होता, आणि स्टीफन स्मेल यांनी एकविसाव्या शतकासाठी सुचवलेल्या प्रश्नांच्या यादीत त्याला चौदावे स्थान होते. १९९९ मध्ये वॉरविक टकर यांनी प्रत्येक पायरीवरील चुकीला काटेकोर मर्यादा घालत सिद्धता दिली, आणि ती आकृती खरोखर अस्तित्वात आहे हे ठरले. एकेका बिंदूचा मार्ग दीर्घकाळ सांगता येत नाही, पण तो ज्या आकृतीवर फिरतो ती आकृती पक्की सांगता येते.

हवा, हवामान आणि मोसमी पाऊस

हाच भेद रोजच्या जीवनात फार मोलाचा आहे. पंधरा दिवसांनंतरच्या दुपारी पुण्यात पाऊस पडेल का, हे खात्रीने सांगता येत नाही. पण जुलै हा मे महिन्यापेक्षा ओला असेल, हे कुणीही सांगेल. पहिला प्रश्न मार्गाचा, दुसरा आकृतीचा. 'दहा दिवसांनंतरची हवा सांगता येत नाही, मग शंभर वर्षांनंतरची तापमानवाढ काय सांगता?' असा युक्तिवाद फुलपाखराचा दाखला देऊन केला जातो, तेव्हा नेमकी हीच गल्लत झालेली असते. वातावरणातील कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण बदलणे म्हणजे सूत्रातील ४ किंवा २.५ हा आकडा बदलण्यासारखे आहे. त्याने आकृतीच बदलते.

मोसमी पावसाच्या अभ्यासात या विचाराला भक्कम रूप देणाऱ्यांत भारतीय शास्त्रज्ञ जगदीश शुक्ल यांचे नाव घ्यावे लागते. ज्यूल चार्नी यांच्यासह १९८१ मध्ये त्यांनी असे मांडले की उष्णकटिबंधातील हंगामी सरासरी ही समुद्रपृष्ठाचे तापमान, जमिनीतील ओल, बर्फाचे आच्छादन अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर बरीच अवलंबून असते. रोजची हवा बेभरवशाची असली तरी हंगामाचा कल सांगण्याला त्यामुळे आधार मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत चालणारे बरेचसे काम याच आधारावर उभे आहे. तेथेच विकसित झालेली, सहा किलोमीटरच्या जाळ्याची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. वरची श्रेढी समजलेला विद्यार्थी अशा बातमीतून 'जाळे निम्मे म्हणून मुदत दुप्पट' असा अर्थ काढणार नाही. बारीक जाळ्याचा फायदा स्थानिक मुसळधार पाऊस अधिक नेमका दिसण्यात आहे, हे तो ओळखील.

शंकेचे मोजमाप

ग्लिक यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १५ ते १६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री, दक्षिण इंग्लंडला भीषण वादळाने झोडपले आणि अंदाज चुकल्याबद्दल हवामान खात्यावर टीकेची झोड उठली. पामर यांच्या 'द प्रायमसी ऑफ डाउट' या २०२२ च्या पुस्तकात या प्रसंगाला महत्त्वाचे स्थान आहे. मागाहून त्याच वादळासाठी सुरुवातीची स्थिती किंचित बदलून पन्नास वेगवेगळे अंदाज काढले, तेव्हा ते दोनतीन दिवसांतच एकमेकांपासून फार दूर गेलेले दिसले. इतर अनेक दिवशी असेच पन्नास अंदाज बराच काळ हातात हात घालून चालतात. आपल्या वर्गातील प्रयोगात फरक कधी मिटला आणि कधी फोफावला, तोच हा प्रकार. युरोपातील आणि अमेरिकेतील केंद्रांनी १९९२ च्या अखेरीस अशा अंदाजसंचांचा नित्य वापर सुरू केला. पन्नासपैकी पस्तीस अंदाजांत पाऊस असेल तर शक्यता सुमारे ७० टक्के. हा आकडा म्हणजे खात्याने सोडवून घेतलेला कातडीबचाव नव्हे, तर अज्ञानाचे प्रामाणिक मोजमाप होय.

फुलपाखरू ऐकून वाचकाने हात टेकले, पण संशोधकांनी त्याच वेळी चूक वाढण्याचा दरच उपयोगात आणला. उपयुक्त अंदाजाची मुदत गेल्या काही दशकांत साधारण दर दशकाला एक दिवस या गतीने वाढत आली आहे.

म्हणून ग्लिक आणि पामर यांची पुस्तके शेजारी ठेवली तर शिक्षकासाठी मी दुसरे निवडीन. पण तेही निर्दोष नाही. पुस्तकाच्या उत्तरार्धात पामर ही भूमिती पुंजभौतिकी, मुक्त इच्छाशक्ती आणि जाणीव यांपर्यंत ताणतात. पुंजभौतिकीसंबंधीची त्यांची कल्पना वेधक आहे, मात्र ती तज्ज्ञांत सर्वमान्य नाही. हवामानाच्या प्रकरणांतील प्रत्येक दाव्यामागे रोज तपासला जाणारा अंदाज उभा आहे, उत्तरार्धातील दाव्यांमागे तसे काही नाही. वाचकाने दोन्ही भाग एकाच विश्वासाने वाचू नयेत. रूपकाने गणिताच्या पुढे धाव घेतली की लेखक कोणीही असो, तोल जातोच.

आजचे संशोधन

अलीकडच्या दोन घडामोडींतही 'किती वेगाने?' हाच प्रश्न मध्यवर्ती आहे. सैद्धांतिक भौतिकीत शेंकर आणि स्टॅनफर्ड यांनी कृष्णविवरांतील बटरफ्लाय इफेक्टचा अभ्यास केला. पुढे माल्दासेना यांच्यासह त्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की काही सर्वसाधारण गृहीतके मानली तर पुंजव्यवस्थेत अशी वाढ एका विशिष्ट दरापेक्षा वेगाने होऊ शकत नाही. ही कमाल मर्यादा तापमानाच्या प्रमाणात असते आणि कृष्णविवरे ती गाठतात. वृत्तपत्रांत यातले फुलपाखरू तेवढे पोचले, मर्यादा पोचली नाही.

दुसरी घडामोड कृत्रिम बुद्धिमत्तेची. जुन्या नोंदींवरून शिकणारे 'पांगू-वेदर' आणि 'ग्राफकास्ट' हे नमुने २०२३ मध्ये पुढे आले आणि त्यांनी काही मिनिटांत उत्तम अंदाज देऊन दाखवले. युरोपीय केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून स्वतःचा असा नमुना नित्य वापरात घेतला. पण सेल्झ आणि क्रेग यांनी २०२३ मध्येच पांगूची परीक्षा घेतली, तेव्हा अगदी लहान चुका खऱ्या वातावरणात अपेक्षित असतात तितक्या वेगाने त्यात वाढतच नाहीत असे आढळले. अंदाज चांगला, पण फुलपाखरू गायब! मग अशा नमुन्याच्या साहाय्याने 'दोन आठवड्यांची मर्यादा ओलांडली' असे कोणी म्हटले, तर ती मर्यादा वातावरणाची ओलांडली की नमुन्याची, हे आधी विचारले पाहिजे. ज्याला फुलपाखराची गोष्ट पूर्ण कळली आहे त्यालाच हा प्रश्न सुचेल.

एक शेवटचा आक्षेप. प्रचलित गोष्टीत लोरेन्झ एकटेच यंत्राजवळ असतात. प्रत्यक्षात त्यांच्या गणनेचे काम आधी मार्गारेट हॅमिल्टन यांनी आणि नंतर एलन फेटर यांनी सांभाळले, आणि १९६३ च्या निबंधात लोरेन्झ यांनी फेटर यांचे आभारही मानले आहेत. त्यांच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मेरी कार्टराइट आणि लिटलवुड यांना रेडिओच्या समीकरणांत असेच चमत्कारिक वर्तन आढळले होते, आणि प्वँकारे यांनी तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रहगोलांच्या गणितात ते ओळखले होते. एका माणसाची, एका कॉफीच्या कपाची गोष्ट सांगायला सोपी. पण मुली वर्गात बसलेल्या असताना ती तेवढीच सांगणे योग्य नव्हे.

फुलपाखरू वर्गातून हाकलून द्यावे असे मुळीच नाही. त्याच्या मागोमाग गणकयंत्र बाहेर काढावे, दोन गटांकडून दहा पायऱ्या करून घ्याव्यात आणि फरकाचा तक्ता फळ्यावर लिहावा. एका तासिकेत हे होते. 'काही सांगता येत नाही' आणि 'इतके सांगता येते, याच्या पुढचे सांगता येत नाही' या दोन वाक्यांतील अंतर विद्यार्थ्याला स्वतःच्या आकडेमोडीतून कळले, तर पुढे आयुष्यात तो ना भविष्यवाल्याच्या खात्रीला भुलेल, ना शास्त्रज्ञाच्या शंकेला हसेल.